क्लिफर्ड व्हेन यांचं खडतर बालपण

२ मार्च १९३६, सोमवार
आजपासून रोजनिशी. संकल्प: इथे आणि ऑफिसात फक्त सत्य लिहायचं.
स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात रुजू झाले. हॉलिवूडमध्ये नटांबद्दल वाटेल ते छापतात, असं कॉलेजात ऐकलं होतं. मी हे आतून बदलणार आहे. हॅगर्टी साहेबांना पहिल्याच भेटीत तसं सांगितलं. ते म्हणाले, जरूर बदल, पण तो कोट दुसरीकडे अडकव, त्या खुंटीवर माझी टोपी असते.

४ मार्च
पहिलंच काम, आणि केवढं! क्लिफर्ड व्हेन यांची जीवनकथा, देशभर खपणाऱ्या सिनेमाच्या मासिकासाठी. साहेब म्हणाले, जमली तर खाली तुझं नाव छापू.
ल्युडमिला हुडाक! आमचं आडनाव आजवर एकदाच छापून आलंय. बाबांच्या पायावर खाणीत दगड पडला तेव्हा, जखमींच्या यादीत. घरात पहिली पदवी माझी. आता छापलेलं नावही माझं. आईला कळवून टाकलं. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या सगळ्या गल्लीला ती सांगत सुटणार.

९ मार्च, सोमवार
खात्याची साप्ताहिक बैठक. इथली पद्धत अजून नीट कळत नाही. साहेब म्हणाले, या वर्षी अनाथ दोन झाले, आता अनाथ नको. पेपर विकणारी पोरं तर पोत्याने पडलीत. क्लिफर्डला काहीतरी नवं द्या. लोकांना मोटारीतून उतरणारा माणूस आवडतो, पण तो आधी चिखलातून चाललेला हवा.
मी उभी राहून म्हणाले, बालपण देता येत नाही, ते शोधावं लागतं. सगळ्यांनी माना खाली घालून कागद चाळले. मुद्दा पोचला.
इर्मा (टायपिस्ट, माझ्यासमोर बसते) नंतर म्हणाली, अगं बाई, तू असं बोललीस की मला माझी धाकटी बहीण आठवते. ती नन झाली.

११ मार्च
क्लिफर्ड यांची पहिली मुलाखत, कॅन्टीनमध्ये. पडद्यावर दिसतात त्यापेक्षा बुटके, पण मन मोठं. बालपण कसं गेलं, असं विचारलं तर म्हणाले, छान गेलं, आमच्याकडे एक तट्टू होतं. पुढे काही नाही. मला लगेच कळलं. ज्याने फार सोसलेलं असतं, तोच असं बोलतो.
समोरच्याला मोकळं करायचं तर आधी आपण मोकळं व्हावं, असं मानसशास्त्राच्या तासाला शिकवलं होतं. म्हणून घरचं थोडं बोलले. तसं सांगण्यासारखं काही नाही, आमच्या गल्लीत सगळ्यांचंच तसं होतं. खाणीबाहेरच्या ढिगावर बादली घेऊन कोळसा वेचायचा, राखणदार आला की पळायचं. बूट भावाचे, पुढे कागद कोंबलेले. शेळीचं नाव रुझेना, घरमालकिणीच्या नावावरून, कारण दोघी सारख्याच ओरडायच्या. तिने (शेळीने) माझं पाचवीचं प्रशस्तिपत्र खाल्लं, ती हकीकतही सांगितली.
ऐकता ऐकता ते जेवायचे थांबले. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. शेळीचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

१८ मार्च
दुसरी मुलाखत. सुरुवातीची नोकरी, धडपड वगैरे. ते पुन्हा संकोचले, म्हणून पुन्हा मीच सुरुवात केली. कॉलेजच्या सुट्टीत बायकांच्या कॉर्सेटच्या कारखान्यात हुक शिवायचे, बोटांना चिंध्या बांधून. वह्या मांडीवर ठेवून पाठांतर, मुकादमीण आली की वही कॉर्सेटखाली.
त्यांनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली. (हे लेखात येणार नाही.)
इर्माने विचारलं, तो काही बोलला का तूच बोललीस? म्हटलं, त्यांचे डोळे बोलतात. म्हणाली, त्याचाच तर पगार मिळतो त्याला.

२५ मार्च
यश! क्लिफर्ड मोकळे झाले. आज एकटे तेच बोलले आणि मी लिहून घेत रडले.
अंगावर काटा येतो. देश एवढा मोठा, पण दुःख सगळीकडे सारखंच. तेही कोळसा वेचत होते! भावाचे बूट त्यांनीही घातले. (तुम्हाला भाऊ आहे का, विचारलं. म्हणाले, बघून सांगतो. घरच्यांशी संबंध दुरावलेले असावेत.) त्यांचीही एक शेळी होती, आणि तिचंही नाव रुझेना. हे जरा आश्चर्य वाटलं. पण शेळी आमच्यासारख्या एखाद्या स्लोव्हाक शेजाऱ्याकडून घेतली असेल, आणि नाव आधीच ठेवलेलं असेल. पुढे कॉर्सेटच्या कारखान्यात हुक शिवले. तिथे पुरुष घेत नाहीत, अशी माझी समजूत होती. माणसाने आपल्या अनुभवाला सर्वस्व मानू नये, हेच खरं.
टाइप करताना इर्माने दोनदा चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, पुढच्या वेळी तू त्याला काय सांगतेस तेच मला देत जा, एक फेरी वाचेल. तिचा विनोद मला नेहमीच कळतो असं नाही.

३ एप्रिल
स्टुडिओच्या फाटकाशी एक प्रसन्न गृहस्थ भेटले. पासाडेनाला दातांचे डॉक्टर आहेत. म्हणाले, मी क्लिफर्डचा बाप. शिवाय म्हणाले, पोरी, तुझी डावीकडची दाढ बघून घे. लेकाला लहानपणी तट्टू घेऊन दिलं, तेही कौतुकाने सांगितलं.
म्हणजे क्लिफर्ड यांना कुणीतरी दत्तक घेतलं होतं! आणि त्यांनी हे एका शब्दाने सांगितलं नाही. बापाचं मन दुखावू नये म्हणून. केवढी नाजूक जाण! मीही कुठे लिहिणार नाही.

१३ एप्रिल, सोमवार
साहेबांनी लेख बैठकीत वाचून दाखवला. शेळीपाशी त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, पोरी, इतकं नवं करकरीत बालपण या खात्यात कधी आलं नव्हतं. शोधलंस कुठे? म्हटलं, विश्वास कमावून.
दोन बदल सुचवले. कॉर्सेट काढायचे, मुष्टियुद्ध घालायचं. आणि बाप खाणीत मरायला हवा. मी कडाडून विरोध केला. पुष्कळ वाद झाला. शेवटी त्यांनी मला मान दिला. बाप आधी दोन परिच्छेद मरत होता, आता एका वाक्यात मरतो. तत्त्वासाठी भांडलं की माणसं ऐकतात.

२० मे
लेखासाठी फोटो. सिनेमाला जनावरं पुरवणाऱ्याने एक शेळी पाठवली. पांढरीशुभ्र, आंघोळ घातलेली, शिंगं तेल लावून चकचकीत केलेली. क्लिफर्ड तिच्याजवळ जाईनात. ही चावते का, खालून धरायची की वरून, विचारत राहिले. जुन्या आठवणी दाटून आल्या की माणसाचं असंच होतं. मी एका बाजूला नेऊन त्यांना धीर दिला. शेळीला मीच धरलं. फोटोत माझी फक्त बाही आली असेल.

८ जून
मासिक आलं. मुखपृष्ठापासून शेवटच्या साबणाच्या जाहिरातीपर्यंत पाहिलं. लेखाखाली छापलंय: क्लिफर्ड व्हेन यांनी स्वतः सांगितलेली कहाणी.
साहेब म्हणाले, अगं, वाचकाला तोच बोलतोय असं वाटायला नको का? तुझं नाव पुढच्या वेळी नक्की. इर्माने आपल्या डब्यातला अर्धा केक माझ्यापुढे सरकवला. खाल्ला नाही. म्हणजे नंतर खाल्ला.
विचार केला. सत्य पोचलं, यातच सगळं आलं. नावाचं काय एवढं? फक्त आईला कळवायचं राहिलंय.

१४ जून, रविवार
आईचा फोन. पाद्रीबाबांच्या घरून. कॅलिफोर्निया लांब म्हणून ती ओरडून बोलते. माझी इथली घरमालकीण पायरीवर बसून सगळं ऐकत होती.
चर्च सुटल्यावर पाद्रीबाबांनी अख्खा लेख मोठ्याने वाचला म्हणे. सगळी गल्ली जमली होती. आई म्हणाली, ल्युडा, तुझं नाव काही सापडलं नाही गं, पाद्रीबाबांनी भिंग लावून पाहिलं. पण रुझेना आली. रुझेना आली म्हटल्यावर आपली घरमालकीण तिथून उठून गेली.
मग म्हणाली, बाबा विचारतायत, मी खाणीत मेलो केव्हा? मागून बाबांचा आवाज: विचार तिला, पेन्शन कुणाला मिळते. सगळे हसत होते. मी सांगितलं, आई, ते बाबा नाहीत, ते क्लिफर्डचे वडील. हा योगायोग आहे.
आई ओरडायची थांबली. मग साध्या आवाजात म्हणाली, असेल बाई. तू शिकलेली आहेस. पण फोटोतली शेळी चुकलीय. आपल्या रुझेनाला एकच शिंग होतं, दुसरं कुंपणात अडकून मोडलं. तेवढं त्यांना सांग.
सांगते म्हटलं. उद्या सोमवार, बैठक आहे. चूक ती चूक. उभी राहून सांगणार होते.
मग आठवलं. शिंगाचं मी क्लिफर्ड यांना सांगितलंच नव्हतं.