डर्बनहून आलेले आभार

अण्णा नगर, चेन्नई
नोव्हेंबर २००९

प्रिय सिद्धू,

रविवारी तू फोनवर म्हणालास, "बाबा, डर्बनहून कुणीतरी तुमचे आभार मानून डॉलर पाठवलेत!" बाबा दिवसभर खुशीत होते. ते शेजारीच उभे होते, म्हणून मला तुझ्याशी काही बोलता आलं नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते किती सुकले होते, तू पाहिलंस. तू इंटरनेटवरची ती दुरुस्तीची साइट दाखवलीस, त्यांच्या नावाखाली लोकांना पैसे पाठवता येतील असं आभाराचं बटण लावून तुझ्या बँक खात्याला जोडलंस आणि ते माणसात आले. कुणाची मोटर, कुणाचं वेल्डिंग मशीन. बाबा दोन बोटांनी टाइप करत बसायचे. पैसे येत ते चहापुरते, पण लोक अजून आपल्याला विचारतात याचंच त्यांना अप्रूप.

गेल्या बुधवारी सकाळी गुरुमूर्ती आले होते. बाबांच्या हाताखाली शिकलेले, अजून 'सर'च म्हणतात. मी कॉफी करत होते. डर्बनच्या एका वेल्डरला त्याच्या बिघडलेल्या वेल्डिंग मशीनबद्दल बाबांनी लिहिलेलं उत्तर ते कौतुकानं वाचायला लागले आणि मध्येच थांबले. "सर, मेन स्विच बंद करून लगेच आत हात घाला, असं लिहिलंय तुम्ही?"

"मग? वीजच नाही तर काय होणार?"

अरे, वीज तोडली तरी त्या मशीनच्या कपॅसिटरमध्ये ती साठून राहते, माणूस मरेल इतकी. गुरुमूर्तींना हे बाबांनीच शिकवलेलं. आणि उत्तराखाली त्या माणसाचा निरोप होता, 'थँक यू सर, आता उघडतो.'

गुरुमूर्तींनी कीबोर्ड ओढून घेतला. 'हात लावू नका' एवढं लिहितानाही त्यांची बोटं चुकत होती. बाबा ओरडत होते, "माझं उत्तर खोडणारा तू कोण?" तिकडून काहीच येईना. गुरुमूर्ती ते पान पुन्हा पुन्हा उघडत होते. त्या माणसाच्या घरीही कुणी असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं. शेवटी उत्तर आलं. स्क्रू ड्रायव्हर सापडेना म्हणून तो शेजारच्या दुकानात गेला होता. जीव वाचला म्हणून त्यानं आभाराचं बटण दाबलं. तू ज्यांचं कौतुक केलंस ते डॉलर हेच.

मी खुर्चीत बसून रडले. बाबांनी त्या माणसाचं उत्तर वाचलं आणि मला विचारलं, "हा डर्बनवाला कोण गं?"

मागच्या महिन्यात एग्मोर स्टेशनवर तिकीट हातात धरून ते मला विचारत होते, आपण कुठे निघालोय. मी उन्हाला दोष दिला. आता देता येत नाही. डॉक्टरांचं नाव काढलं की ते म्हणतात, "सिद्धूला विचार, माझी उत्तरं चुकतात का? लोक उगाच पैसे पाठवतात?" माझं ऐकत नाहीत, गुरुमूर्तींशी बोलणं टाकलंय. तुझं ऐकतील. ते बटण तू काढून टाक, तिथलं त्यांचं लिहिणंही बंद कर, पण फोनवर त्यांना काही सांगू नकोस. इथे ये, त्यांच्याजवळ बस आणि तूच त्यांना दवाखान्यात घेऊन जा. मला एकटीला हे जमत नाही रे.

तुझीच,
आई