दुखतं ते बरं

३ फेब्रुवारी

आज एक टिंब सुटलं माझ्या नजरेतून.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद छपाईआधी तपासायला आला होता. खोक्यात घडी घालून ठेवतात तो. एरवी कुणी वाचत नाही, पण चुकला तर सगळे वाचतात. मात्रा अडीच मिली — दोन, टिंब, पाच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर टिंब नव्हतं. पंचवीस! आणि मी ‘तपासलं’ म्हणून पुढे ढकलून दिलं.

घारीनं पकडलं. शेजारच्या टेबलावरची, डोळे घारे म्हणून हे नाव पडलं, पण नजरही घारीचीच. खुर्ची सरकवून हळूच म्हणाली, “ताई, हे एकदा परत बघता का?” साहेबांना कळू दिलं नाही. तिचे उपकार.

६ फेब्रुवारी

दुपारपर्यंत ठीक असतं. जेवण झालं की डोळ्यांत कुणी वाळू टाकल्यासारखं होतं. चोळले की आणखी चुरचुरतात. ओळी एकमेकींवर चढतात. संध्याकाळी बाहेर पडले की समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा पुसट, आणि भुवईच्या वर ठणका.

आता मी प्रत्येक कागद दोनदा तपासते. काम तुंबलंय. साहेब म्हणाले, “हल्ली रेंगाळताय बाई.” त्यांना काय सांगू?

८ फेब्रुवारी

रविवार. दिवसभर डोळे बरे. तरी भीती जात नाही.

९ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. भीती बाबांची आहे.

बाबा दारांच्या चौकटींना धडकायचे. आई म्हणायची, “लक्ष कुठं असतं तुमचं?” मग घरात ठरलं — मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. आम्ही तो पिकायची वाट बघत बसलो. निघाला काचबिंदू. तोवर नळीतून बघावं एवढंच उरलं होतं त्यांना, पुढे तेही गेलं. शेवटची वर्षं ताटात काय कुठे वाढलंय ते आई त्यांना सांगायची.

आई आता माझ्याजवळ असते. आज म्हणाली, “डोळे लाल दिसतायत गं.” मी म्हटलं, कांदा चिरला. स्वयंपाक तिनंच केला होता!

१३ फेब्रुवारी

आईनं दादाला फोन केला. माझ्या माघारी.

दादा तसाच आला, ड्युटीवरून, बसच्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट अंगात. चहाही घेतला नाही. “डॉक्टरांकडे का जात नाहीस?”

“वेळ नाही.”

“वेळ नाही की धीर नाही?”

मी भाजी निवडायला बसले. मग तोही खाली बसला. म्हणाला, “हे बघ, तपासलं नाही म्हणून असलेलं नसलेलं होत नाही. मी येतो बरोबर. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकतात, मग काही दिसत नाही. परत कशी येणार आहेस तू?”

हा एवढं बोलणारा माणूस नव्हे.

१७ फेब्रुवारी

जाऊन आले. सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. आधी नुसतं विचारत बसल्या. काम काय, पडदा किती लांब, वारा कुठून येतो, चष्मा कधीचा. वडिलांचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली. मग यंत्रं. डोळ्याचा दाब मोजला. मागची शीर बघितली. एका पेटीत डोकं घालून, ठिपका चमकला की बटण दाबायचं. शेवटी पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ठेवली, पाणी किती सुटतं ते बघायला. पट्टी जवळजवळ कोरडी.

“काचबिंदू नाही,” म्हणाल्या. “डोळे कोरडे पडलेत. आणि दमलेत.”

मी त्यांनाच परत विचारलं, “नक्की?”

“नक्की. तुम्ही पडद्याकडे बघताना पापण्या मिटायला विसरता. सगळेच विसरतात. बारीक अक्षर आलं की माणूस डोळे ताणून बघतो, पापणी पडतच नाही. वर एसीचा झोत थेट तोंडावर. काच कोरड्या फडक्यानं पुसत राहिलं तर काय होणार?”

चष्म्याचंही तसंच. माझी चाळिशी जुनी, पुस्तकाच्या अंतराची. पडदा त्याहून लांब. म्हणून मान पुढे काढून बघायचं, म्हणून तो ठणका. आणि संध्याकाळी लांबचं पुसट दिसतं, कारण दिवसभर जवळ बघून डोळा तिथंच आखडून बसतो. सारखं मुठीत काही धरून ठेवलं तर बोटं लगेच उघडतात का, तसं.

उठताना मी म्हटलं, “उगाच घाबरले.” त्या म्हणाल्या, “उगाच नाही. दुखतंय म्हणून आलात, हे बरंच झालं. तुमच्या वडिलांना होता तो काचबिंदू दुखत नाही. त्यामुळे ज्याला असतो तो येत नाही.” मग दाराशी उभ्या दादाकडे बघून, “तुम्ही भाऊ ना? तुम्हीही बसा.”

दादा हसला. “मला काय धाड भरलीय? आजपर्यंत बसला ओरखडा नाही. आणि थेंब टाकलेत तर हिला घरी कोण नेणार?”

परत येताना उजेड सहन होत नव्हता. दादाचा दंड धरून चालले. लहानपणी शाळेत जाताना धरायची तसा.

१९ फेब्रुवारी

पडदा खाली घेतला, आता नजर किंचित खाली जाते. एसीच्या झोताची पट्टी वळवली. तिकडचा कारकून कुरकुरला, मग शाल घेऊन आला. अक्षर मोठं केलं. मध्ये मध्ये खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं. घारी विचारते, “टाकी भरली का ताई?”

पापण्या मिटायच्या. मुद्दाम, पूर्ण. किती अवघड आहे हे! श्वास घेताना लक्ष ठेवण्यासारखं.

२४ फेब्रुवारी

नवा चष्मा आला, कामापुरताच. अश्रूंसारखे थेंब चालू आहेत. लगेच फरक नाही, पण ठणका उशिरा येतो. साहेबांना सगळं सांगून टाकलं. मात्रेची पानं शेवटी छापून कागदावर बघू द्या म्हटलं. मला वाटलं चिडतील. “आधी सांगायचं ना,” एवढंच म्हणाले आणि कपाळावरचा स्वतःचा चष्मा शोधायला लागले.

१ मार्च

दादाकडे जेवायला गेले होते. तपासणीचा विषय काढला.

“तुझं दुखत होतं म्हणून तू गेलीस. माझं काही दुखत नाही.”

“तेच तर त्या म्हणाल्या.”

“आणि काही निघालं तर? बस कोण चालवेल? घर?” आवाज चढला त्याचा. वहिनी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

तेव्हा मला कळलं. मला धीर नाही म्हणून दटावणारा हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला आहे. बाबांना हात धरून न्हाणीघरात न्यायचं काम त्याचंच होतं. त्यानं ते सगळं जवळून पाहिलंय.

मी म्हटलं, “मी येते बरोबर. परत आणीन तुला.”

तो उठून हात धुवायला गेला.

७ मार्च

काल संध्याकाळी डोळ्यांत काहीच खुपत नव्हतं, आणि ते मला झोपताना लक्षात आलं. दुकानाची पाटीही वाचता आली. घारीला सांगितलं तर म्हणाली, “आता माझं काम कमी होणार.”

दादाचा फोन नाही. वहिनी म्हणते, “मी बघते.”

१२ मार्च

वहिनीनं नेलं त्याला. मला न सांगता गेले दोघं.

आहे. डाव्या डोळ्यात, एका कडेला. त्याला कधी जाणवलंच नाही, उजवा सांभाळून घेत होता. गेलंय ते परत येणार नाही. आहे ते बहुतेक टिकेल, रोज थेंब टाकले तर. जन्मभर. पुढच्या तपासण्या होईपर्यंत बस बंद, डेपोत बसायचं.

वहिनीनं हे सगळं एका दमात सांगितलं. मग फोन दादानं घेतला.

“ते थेंब गालावरच ओघळतात गं,” म्हणाला. “कसे टाकायचे, दाखवशील?”

चप्पल घातलीय. निघते.