किल्ली माझ्या पर्समध्ये आहे

४ जानेवारी
आजपासून मी नगरपालिकेची सुरक्षा अधिकारी. इतकी वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत काढली. तिथे लोक दोन्हींसाठी उशिराच यायचे. साहेब म्हणाले, या जागेवर तुमच्यासारखी शिस्तीची बाई हवी. शिपाई म्हणाला, दुसरं कुणी तयार नव्हतं. त्याला झापलं.
संकल्प : या वर्षी एकही अपघात नाही.

७ जानेवारी
साहित्य आलं. गटारात उतरणाऱ्यांसाठी गॅसचे मास्क, कमरेचे पट्टे, दोर. रबर काय सुंदर आहे! काळंभोर, पावडर लावलेलं. स्वतः पुसून कपाटात रचलं. लगेच ड्रेनेजच्या टोळीचा मुकादम हजर. उद्या बाजारामागे उतरायचंय, चार मास्क द्या म्हणाला. त्याला समजावलं, की वीस तारखेला वरून पाहणी आहे, तोवर साहित्य नवं दिसलं पाहिजे. एकदा गटारात गेल्यावर ते कसं दिसेल? तो म्हणाला, गटारासारखं. उर्मट आहे. पण कामाला वाघ.
किल्ली माझ्या पर्समध्ये.

१२ जानेवारी
लिफ्टचं दार नीट लागत नाही. धोका! लिफ्ट बंद करून कुलूप घातलं. माझं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, पण जिने चढणं तब्येतीला चांगलं.
शिवाय नवा नियम काढला. अपघात झाल्यास जखमीने स्वतः माझ्यासमोर येऊन सांगायचं. आतापर्यंत कुणीही फोनवर काहीही ठोकून द्यायचं. ते बंद.

२० जानेवारी
पाहणी पुढे ढकलली. मुकादमाला शब्द दिला आहे, पाहणी झाली की त्याच दिवशी मास्क.

२ फेब्रुवारी, सकाळी
बाथरूमचा बल्ब गेला. हे स्टुलावर चढत होते. खाली उतरवलं. सुरक्षा अधिकाऱ्याचा नवरा स्टुलावरून पडला तर लोक काय म्हणतील? लग्न झाल्यापासून मीच बदलतोय, म्हणाले. म्हटलं, म्हणूनच आता पुरे. इलेक्ट्रिशियनला सांगितलंय. येईल.

१५ फेब्रुवारी
जानेवारीत अपघात : शून्य! साहेबांनी मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. शिपायाने मध्येच नाट लावला. म्हणे, झाडूवाल्या मावशींच्या पायात खिळा घुसला होता, त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या, पायरीवर बसल्या आणि परत गेल्या. म्हणजे फार लागलं नसणार. तसं त्याला सांगितलं. हल्ली कमीच बोलतो. शिस्त मुरते आहे.

४ मार्च
पाहणी पुन्हा पुढे. मुकादम धापा टाकत वर आला, सोबत लांब्या. हा टोळीतला सगळ्यात उंच. पाय तळाला टेकतात म्हणून पहिला मान नेहमी त्याचा. त्याला परवा मुलगी झाली. अभिनंदन केलं आणि नोंद वेळेत कर म्हणून बजावलं.
मी काही दगड नाही. कपाट उघडून लांब्याला मास्क लावून दाखवला. शोभला त्याला. आतून काहीतरी बोलला, ऐकू आलं नाही. मुकादम म्हणाला, कसलाच वास येत नाही म्हणतोय. मग मास्क काढून घेतला, पुसून परत ठेवला. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं साहेबांना कळवलं.

२६ मार्च
ऊन वाढलंय. दुपारी कपाटाला हात लावला तर चटका बसतो. आतून वास येतोय अशी शिपायाची कुरकुर. नव्या वस्तूला येतोच.
इलेक्ट्रिशियन अजून उगवलेला नाही. हे अंधारात अंघोळ करतात, मोठमोठ्याने गात. का, तर उभे आहेत हे मला कळावं म्हणून. टोमणा कळला.
मार्चमध्येही अपघात शून्यच राहणार असं दिसतं.

८ एप्रिल
मुकादम आज वर आलाच नाही. आवारातून हाका मारत राहिला. खिडकीत गेले. मुख्य नाला तुंबलाय, खालच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरलंय, उद्या उतरण्यावाचून इलाज नाही, मास्क टाका. मी वरून सांगितलं, सोमवारी पाहणी नक्की आहे, तेवढा धीर धर. त्यावर त्याने चारचौघांत ऐकवलं :
"मॅडम, गटारात माणसं उतरतात. कपाट नाही उतरत."
अपमान. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

रात्री जेवताना
देऊन टाकते. पाहणीला काय दिसायचं ते दिसो. उद्या लवकर निघायचं, सगळ्यांच्या आधी. पक्कं.

९ एप्रिल
लवकर निघायचं म्हणून घाई. बाथरूममध्ये अंधार, खाली साबण. पडले. घोटा मोडला. प्लास्टर. सध्या मुक्काम हॉस्पिटल.
यांना म्हटलं, पर्समधली किल्ली मुकादमाला नेऊन द्या. हे उठलेसुद्धा. मग आठवलं, किल्ली नेली तर शिपाई कपाट उघडेल, पण साहित्य देताना रजिस्टरवर सही मीच करायची. आणि यांचे गुडघे, तीन मजले, लिफ्ट बंद. थांबवलं. यांनी किल्ली परत पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी
लांब्याला आणलंय. खाली उतरल्या उतरल्या कोसळला. दोराने ओढून काढेपर्यंत फार वेळ गेला. चाकाच्या खुर्चीतून त्याच्या वॉर्डात गेले. तोंडावर मास्क होता. हॉस्पिटलचा. चांगला घट्ट बसला होता. बायको पायाशी, मांडीवर बाळ. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "फार लागलं का हो ताई?"
मुकादम भिंतीला टेकून उभा होता. किल्ली त्याच्या हातात दिली. सहीचं काही बोलले नाही.

१३ एप्रिल
लांब्या रविवारी गेला.
पाहणी झालीच नाही. साहेबांचा फोन आला. तब्येतीची चौकशी केली आणि या महिन्यातही शून्य आहे ना, म्हणून विचारलं. मी स्वतः घरी पडले, ते त्यात धरत नाहीत.
दुपारी मुकादम आला. कपाट उघडलं म्हणाला. उन्हाने रबर वितळून सगळे मास्क एकमेकांना चिकटलेत. सोडवायला गेला तर फाटले. आतली पावडर अजून तशीच आहे. किल्ली माझ्या उशाशी ठेवली. मग विचारलं, "लांब्याचा अपघात मी सांगितला तर चालेल का, मॅडम? तो येऊ शकत नाही."
चालेल म्हटलं. पण नियम बदलायचा तर ऑफिसात जाऊन हुकूम काढावा लागेल. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत.
तो निघाला तेव्हा विचारलं, लांब्याच्या मुलीची नोंद केली का. केली म्हणाला, काल गेलो होतो, दोन्ही एकदमच करून आलो.
तिची उशिरा. त्याची वेळेत.