खिळ्यांची पुडी

अण्णा,

पूर्णेच्या खोल्यांचं काम संपलं. पत्रे गेले, स्लॅब पडला, भिंतींना पुट्टी झाली, पाचही खोल्यांना आता स्वतःचं संडास-बाथरूम आहे. येणारे-जाणारे डोकावून बघतात, चांगलं झालं म्हणतात. मला मात्र चैन नाही. ऑफिसात फाईल उघडते आणि कशासाठी उघडली तेच विसरते. घरी आले की या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राहते. एकच प्रश्न डोक्यात घुमतो आहे, आणि तो विचारायला तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. तुमच्या खोल्या मी नीट केल्या, की त्या मोडून तिथं दुसऱ्याच कुणाच्या खोल्या बांधल्या?

काम काढलं ते गळतीमुळं. मधल्या खोलीतल्या डब्याच्या काकू तुम्हाला आठवत असतीलच. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, नवऱ्याचं स्टेशनजवळ किराणा दुकान होतं त्या. नवरा गेला, दुकान मोडलं, तेव्हापासून त्या गार्ड-ड्रायव्हर लोकांना डबे करून देतात. त्यांच्या खोलीत पत्रा गळायचा तिथं त्यांनी पातेलं लावून ठेवलं होतं, आणि माझ्याकडे तक्रारसुद्धा केली नव्हती. मीच एकदा गेले तेव्हा पाहिलं आणि लाजले. मिस्त्रीला बोलावून म्हटलं, पत्रे बदलून भागतं का बघा. तो भिंतीवर बोटानं टकटक करत फिरला आणि म्हणाला, "ताई, वर नवा पत्रा टाकून काय करता? खाली भिंतच ऱ्हायली न्हाई." अंदाज सहा लाखांचा निघाला. मग वायरिंग जुनी निघाली, मग पाण्याची टाकी, मग संडासाची लाईन, आणि काम दहावर जाऊन थांबलं. घर पाहावं बांधून म्हणतात. बांधणाऱ्याला निदान कुठं थांबायचं ते ठाऊक असतं. दुरुस्ती करणाऱ्याला एक वीट काढली की मागची दुसरी वीट हाक मारते.

बँकेचं कर्ज काढलं. मग म्हटलं एवढे पैसे घालतोच आहोत तर करात काही सुटतं का बघावं, म्हणून परभणीत आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांचे कागद बघणाऱ्या सीएकडे गेले. तिशीतला मुलगा आहे, बोलतो फार भराभर. तुम्ही असता तर त्याच्याशी हमखास भांडला असता. तो म्हणाला, "मॅडम, वर्षाचं भाडं धरायचं. त्यातून त्या वर्षी तुम्ही भरलेली नगरपरिषदेची घरपट्टी वजा करायची. जे उरेल त्यातले तीस टक्के सरकार आपणहून सोडतं, दुरुस्तीबिरुस्ती सगळं त्यात आलं. तुम्ही दहा लाख घाला नाहीतर आयुष्यात एक खिळासुद्धा ठोकू नका, तीस टक्के म्हणजे तीस टक्के." मी म्हटलं, मग मिस्त्रीची बिलं? "वेगळी नाही मिळत. कर्जाचं व्याज मिळतं, मुद्दल नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या. पण तुम्ही नवीन करपद्धत घेतलीय, म्हणून व्याज भाड्यापुरतंच वजा होईल. पगारातून नाही." त्याला माझी दया आली असावी. "स्लॅबची, बाथरूमची बिलं मात्र जपून ठेवा. उद्या विकलं तर तो खर्च किमतीत धरता येतो, कर कमी बसतो. रंग-पुट्टीची नाही धरत." विकायचं नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग बिलं नुसती जपून ठेवा. म्हणजे राखणाऱ्याला तीस टक्के आणि विकणाऱ्याला पूर्ण मान. मी आभार मानून उठले, आणि जिना उतरताना त्याचं ते एक खिळ्याचं वाक्य माझ्या मागंमागं आलं.

मी पाच-सहा वर्षांची आहे. तुम्ही रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये नवे खलाशी आहात आणि आपण पूर्णेत भाड्याच्या एका खोलीत नुकतंच बिऱ्हाड मांडलं आहे. आई चूल पेटवते आहे, ओल्या लाकडाचा धूर झालाय. तुम्ही लुगड्याच्या फडक्यातून तसबीर बाहेर काढता, कोट-टायमधली, आपल्या लोकांच्या घरात जी सगळ्यांत आधी लागते ती. हातोडीचे दोन घाव पडतात. तिसरा पडतच नाही, कारण मालक दारात येऊन उभा आहे. "भिंत खराब व्हईल. खिळा ठोकायचा न्हाई इथं." शेजारच्या बिऱ्हाडाच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं लटकत होती, ती त्याला दिसत होती, तुम्हाला दिसत होती, मलासुद्धा दिसत होती. खिळा उपसलात, भोकात ओला साबण भरलात, बोटानं सारखं केलंत. तसबीर लोखंडी पेटीवर भिंतीला टेकवून ठेवली. मालगाडी गेली की पेटी थरथरायची आणि तसबीर पुढं घसरायची. आईनं मग तिच्याखाली फडक्याची घडी सारली. आपण त्या खोलीत राहिलो तोवर ती घडी तिथंच होती.

रुळांच्या पलीकडं तुम्ही प्लॉट घेतलात आणि दसऱ्याचा बोनस आला की एक एक खोली वाढवत नेलीत, ते सगळं मला आठवतं. पण लोकांना खोल्यांपेक्षा तुमची रीत जास्त आठवते. नवा भाडेकरू सामान घेऊन आला की तुम्ही त्याच्या एका हातात किल्ली द्यायचात आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली खिळ्यांची पुडी. "ठोका कुठंबी. भिंत माझी हाय, घर तुमचं हाय." काकूंचे यजमान तेव्हा हसून म्हणाले होते की दुनियेतले मालक डिपॉझिट मागतेत, अन् हे खिळे वाटायलेत. तुम्हीही हसलात. कारण कधी कुणाला सांगितलं नाहीत. एकदा नवा रंग दिलेल्या खोलीत एक गार्ड महादेवाची तसबीर लावायला निघाला आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हणाले, विचारून तरी ठोका. मी तेव्हा कॉलेजात होते. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "रंग पुन्हा देता येतो. माणसाला एवढ्याशासाठी तोंड उघडायला लावायचं न्हाई." मी दोन दिवस फुगून बसले होते. मला वाटलं, तुम्ही परक्यासमोर मुलीचा पाणउतारा केलात.

तर या वर्षी मिस्त्रीनं प्लॅस्टर उतरवलं तेव्हा तुमच्या त्या रीतीचा सगळा हिशेब घमेल्यात पडला. गंजलेले, वाकलेले, डोकी तुटलेले खिळे. देवांचे, दिवंगतांचे, घड्याळांचे, पाळण्याच्या दोरीचे, कुणाच्या छत्रीचे. "ह्या भिंतीत सिमेंट कमी अन् लोखंड जास्त हाय, ताई," तो म्हणाला. भोकांनी भिंत पोकळ झालेली, म्हणून पुट्टीआधी दुहेरी प्लॅस्टर करावं लागलं आणि तिथंही खर्च वाढला. मी गंमत म्हणून सीएला फोनवर सांगितलं की वडिलांच्या खिळ्यांपायी माझं दिवाळं निघायलंय. तो म्हणाला, तेपण तीस टक्क्यांत. मला हसू आलं. तेव्हा मला अजून हसू येत होतं.

कर्ज म्हटलं की करारनामा आला. भाडं बँकेत जमा व्हायला हवं, भाडेकरूचा पॅन हवा, सगळं कागदावर हवं. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडून मसुदा करून घेतला. छापील नमुना असतो, नावं आणि रकमा बदलायच्या. मी तो ओळ न् ओळ वाचला, कारण आता व्याजाचं गणित त्यावर होतं. भाडं बरोबर, मुदत बरोबर, घरपट्टी मालकाकडं हे बरोबर. आणि शेवटाकडं एक कलम: भाडेकरूने भिंतीस खिळा, हूक अगर स्क्रू मारू नये, मारल्यास नुकसानभरपाई द्यावी. वाचलं. वाचून पुढच्या कलमावर गेले. पुट्टीचा भाव मला तोंडपाठ होता, अण्णा, त्यामुळं ते वाक्य मला अगदी रास्त वाटलं.

काम चालू होतं तेवढे महिने काकू मानवतला लेकीकडं जाऊन राहिल्या होत्या. बाकीचे भाडेकरू दुसरीकडं गेले ते गेलेच, काकूंनी मात्र आधीच सांगितलं होतं की भाडं वाढवा पण खोली मलाच द्या. गेल्या आठवड्यात त्या परत आल्या. मी किल्ली घेऊन गेले होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या, पाहुण्यासारख्या. ओट्यावरून हात फिरवला. नळ उघडून बंद केला. मग पिशवीतून नवऱ्याचा फोटो काढला, खालून हातोडी आणि एक खिळा काढला, जुन्या जागेचा अंदाज घेतला आणि थांबल्या. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ठोकू का ओ ताई? का भिंत खराब व्हईल?"

या बाईनं मला परकर-पोलक्यात पाहिलंय. मी त्यांच्या ताटात जेवले आहे. इतक्या वर्षांत त्यांनी या घरात कधी कसली परवानगी मागितली नव्हती. मी उत्तर द्यायला हवं होतं, आणि मी भिंतीकडं बघितलं. त्यांच्याकडं नाही, भिंतीकडं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, फार नसावा, पण त्यांना कळायला पुरेसा होता. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लय चांगली झालीय भिंत. मी ठिवते इथं." आणि त्यांनी नवऱ्याला ओट्यावर डब्यांच्या चळतीशेजारी टाइल्सला टेकवून ठेवलं. मी काय बोलले? गिझरचं बटण कुठलं ते दाखवलं. मग गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. परभणी येईपर्यंत मी गाडीच्या दारातच उभी होते, सीट रिकामी असून.

दुसऱ्याच दिवशी टायपिस्टला फोन केला आणि ते कलम काढायला सांगितलं. "ताई, सगळेच ठिवतेत हे," तो म्हणाला, "अन् काढायचं तर सगळं पुन्हा टायपावं लागंल, पैसे पडतेल." पडू देत म्हटलं. हार्डवेअरच्या दुकानातून खिळे घेतले. दुकानदार साधे देईना, म्हणे पुट्टीच्या भिंतीत वाकतात, काँक्रीटचे न्या. वर्तमानपत्राच्या कागदातच बांधून घेतले. ती पुडी पर्समध्ये आहे आणि रोज किल्ली शोधताना बोटाला टोचते. पूर्णेला मी अजून गेलेले नाही. जायला काय, तासाचासुद्धा रस्ता नाही. पण जाऊन काय म्हणू? ठोका, असं म्हणाले तरी ती परवानगीच झाली की नाही? तुम्ही परवानगी द्यायची वेळच येऊ द्यायचा नाहीत. कलम एका फोनवर निघालं. काकूंनी विचारलेलं कसं काढायचं, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत, आणि मला तुमचा राग येतो आहे. कारण सांगितलं असतंत तर? पेटीवरच्या त्या तसबिरीविषयी एकदा तरी मोठ्यानं बोलला असतात तर मी त्या छापील ओळीवर अडखळले असते. मग वाटतं, हा बहाणा आहे. मी तर तिथंच होते. मी पाहिलं होतं.

फिरत फिरत आत्ता हॉलमध्ये येऊन बसले आणि समोर बघितलं, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ती सांगते आणि थांबते. हा फ्लॅट घेतला तेव्हा ड्रिलवाला बोलावला होता. त्यानं पडद्याच्या दांड्यांसाठी भोकं पाडली, गिझरसाठी पाडली, टीव्हीसाठी पाडली. तुमचा फोटो शोकेसवर ठेवला, भिंत ठरली की लावू म्हणून. भिंत ठरलीच नाही. मोठी भिंत फार छान दिसते, अण्णा, मोकळी. तुम्ही अजून शोकेसवर टेकूनच आहात.

पंखा जोरात लावला की फोटो पुढं घसरतो. हे कागद पोस्टात टाकायचे नव्हतेच. यांची घडी करते आणि तुमच्याखाली सारते, रविवारी पुडीतला एक खिळा या भिंतीत ठोकेपर्यंत.