झाकणभर पाणी

अण्णा, तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी आत्ता ओहायोतल्या एका हॉस्पिटलात, भर दुपारी, तुमच्याशी भांडायला बसले आहे. भांडायला नाही, खरं तर पाय धरायला. पण माझी जीभ तुम्हाला माहीत आहे, तिच्यातून सरळ काही निघतच नाही.

ह्यांना स्ट्रोक येऊन नऊ दिवस झाले. गिळता येत नाही. पाणी पाजलं तर छातीत उतरेल, म्हणून पलंगावर पाटी लावली आहे, तोंडाने काहीही द्यायचं नाही. आणि हे एकच शब्द बोलतात, पाणी. मी काडीवरचा ओला स्पंज ओठांना लावते, तर तो दातांत धरून ठेवतात, सोडत नाहीत. काल म्हणाले, "अगं, तू तरी..." मी ग्लास उचलला, तशी लेक ओरडली, "आई, नो! बाबांना न्यूमोनिया होईल, डॉक्टर म्हणालेत ना?" मी ग्लास खाली ठेवला. ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हापासून आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मी पंधरा वर्षांची. शाळेची सहल होडीने जाणार म्हणून तुम्ही नको म्हणालात, एवढंच माझ्या रागाचं कारण. तुम्ही जेवताय, आई भाकरी थापतेय. लढाईत तुम्ही कामाला होतात ती साहेबाची बोट बुडाली, होडीत बारा माणसं, तुम्ही खलाशांचे तांडेल म्हणून पाण्याचं पिंप तुमच्या ताब्यात, माणशी डब्याचं एक झाकण, सकाळी नि सांजेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काका त्याच होडीत होते. "दादा, अजून घोटभर," म्हणत राहिले, तुम्ही दिलं नाहीत, आठव्या दिवशी ते समुद्राचं खारं पाणी प्यायले आणि गेले. दुसऱ्याच दिवशी तुम्हाला गलबत दिसलं. मी विचारलं, "मग पिंपात पाणी किती उरलं होतं?"

"मेले, तुझ्या जिभेला काही हाड?" आई म्हणाली. तुम्ही रागावला नाहीत. "अर्धं," म्हणालात. "कुणाला ठाऊक होतं गो, उद्या गलबत येणार ते?" आणि अर्ध्या भाकरीवरून उठलात. त्यानंतर माझ्याकडे कधी पाणी मागितलं नाहीत. शेवटच्या दुखण्यातसुद्धा भिंत धरून स्वतः माठापर्यंत जायचात. मी बघत होते, अण्णा. बघत होते आणि उठले नाही.

रात्री ह्यांची शुद्ध गेली. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही, जे हवं ते द्या. कालचं विष आज चालतं! मी थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं, चमचा ओठांना लावला. "घ्या हो, पाणी आणलंय, घ्या ना." तोंड उघडलंच नाही. हनुवटीवरून ओघळून उशी भिजली. "इट्स ओके, आई," लेक पुसता पुसता म्हणाली. ओके कसलं, डोंबलाचं! श्वास चालू आहे, म्हणून मी दर पाच मिनिटांनी चमचा लावून बघते. झाकण अजून भरलेलंच आहे.

हे पत्र पर्समध्येच राहणार, टाकू तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं आहे. पिंपात किती उरलं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं, आणि तुम्हाला कधी विचारू नकोस म्हणून शपथ घातली होती. मला ते फक्त तुमच्या तोंडून वदवायचं होतं, सहलीला पाठवलं नाहीत म्हणून.