आज मी एकटाच जाऊन आलो

ठमे,

गेल्या वर्षी दवाखान्यातून फोन आला की तुझी आई गेली, तेव्हा मी मशीनवर गिऱ्हाइकाचा सदरा शिवत होतो. त्याआधीची एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आम्ही दोघं फ्लूची लस घ्यायला गेलो होतो. रांग मोठी होती, मला दुकान उघडायची घाई. मी म्हटलं, "तू घेऊन ये." ती म्हणाली, "घेऊ तर दोघं मिळून. तुम्ही एकटे काही यायचे नाहीत, ओळखून आहे मी." आणि माझ्यामागोमाग परत आली. उद्या जाऊ म्हणालो, तो उद्या काही उजाडला नाही. ताप आधी मला आला, मग माझ्यामुळे तिला.

काल तूही म्हणालीस, "बाबा, तुम्ही याल तेव्हाच मी घेईन."

म्हणून सकाळीच जाऊन लस टोचून घेऊन आलो. दंड जरा दुखतोय, बाकी ठणठणीत आहे. आता अस्तराचं कापड आणायला जातोय. ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावरची बाई खोकत असेल तर लांब बस, लाजू नकोस. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो.

तुझी लस अजून राहिली आहे.

बाबा