कॉक बंद, मोटर चालू

३ फेब्रुवारी
माफ कर वही, फार उशिरा उघडतो आहे. लिहिण्याजोगं काही नव्हतं. आज घडलं.
बायकोचं, सुमनचं वर्षश्राद्ध जवळ आलं. ती घरून मला बगिच्यात फोनवर बोलून निरोप पाठवायची. ते सगळे वैशूने तिकडे अकोल्याला स्वतः बनवलेल्या साइटवर ठेवले होते. पोरीचं कामच ते. श्राद्धाला पाहुण्यांना ऐकवायचे होते. दवाखान्यातला एक, कण्हतानाचा, कोणाच्या कानी पडू नये म्हणून तेवढा काढायला गेलो. बटण दाबलं, पण भलतंच. लिहून आलं, 'सर्व निरोप काढत आहे'. पान बंद केलं, फोनही बंद केला. थांबलं असेल. असेल ना.

४ फेब्रु.
नाही थांबलं. एकही उरला नाही. "आयकलं का, भाकर थंडी होऊन राहिली. का झाडाशीच लगन लावता?" तिचा हा निरोप तरी राहायचा होता.

५ फेब्रु.
वैशूला फोन केला. म्हणाली, "बाबा, तुमी झाडाजवळचा कॉक बंद केला. विहिरीवरची मोटर चालूच होती."
"मंग मोटर कोन बंद करते?"
"इकडं पान बंद झालं का तिकडचं काम थांबाले पायजे. तसं साइटमंदी मलेच लिहायचं होतं. नाई लिहिलं मी."
रडत असावी. जाऊ दे पोरी, म्हटलं. फोन ठेवून दिला तिने.

८ फेब्रु.
वै.चा मेसेज. 'आता पान बंद केलं की काम थांबते. करून पाहिलं. निरोपांची जुनी प्रत आहे का, साइट जिथं ठेवली त्यांना विचारलं.' बरं झालं. पण थांबवायला आता राहिलं काय.

१२ फेब्रु.
संत्र्याला फूल आलं. पाणी दिलं. कॉक बंद केला, विहिरीवर जाऊन मोटर बंद केली. घरी निघालो, तर परत जाऊन मोटरीला हात लावून पाहिला. वै. फोन उचलत नाही. आई आपणच पुसली, असं तर मनात घेतलं नसेल? बटण मी दाबलं.

१५ फेब्रु.
परवा श्राद्ध. आज जेवायला दुपार टळली. हाक मारणारं कोणी नसलं की…
वैशू, प्रत मिळो न मिळो, तू ये. येणं जमत नसेल तर लवकर काही कळव. नुसतं "बाबा, जेवले का?" एवढंच बोलून पाठव. मी तिथल्या एकाही बटणाला हात लावणार नाही.